पुढच्या खोलीत आता आईचा पलंग लावा

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न.

फोनवर मी विषय काढला की बाबा "बरं, बरं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई जेवलीस का विचारते. म्हणून लिहितेय. पुढच्या महिन्यापासून मी आरएमओची, म्हणजे वॉर्डातल्या निवासी डॉक्टरची ड्यूटी सोडून याच हॉस्पिटलात ऑपरेशन्सची असिस्टंट मॅनेजर होतेय. विचारत नाहीये, कळवतेय. सह्या झाल्यात. पण पत्र शेवटपर्यंत वाचा, मग काय रागवायचं ते रागवा.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न मला पाठ आहे. बीएचएमएस करून शेवटी खर्डेघाशीच करायची होती का? साधा डिस्चार्ज घ्या. डॉक्टर सकाळी नऊच्या राउंडला "आज घरी जा" म्हणतात आणि पेशंट निघतो संध्याकाळी पाचला. कन्सल्टंट ऑपरेशन थिएटरमध्ये, ओटीत असतात आणि त्यांच्या सहीशिवाय डिस्चार्ज समरी पक्की होत नाही. वॉर्डातली उरलेली औषधं फार्मसीत परत गेल्याशिवाय बिल बंद होत नाही. विम्याचं कॅशलेस असेल तर त्यानंतर सगळे कागद टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेकडे. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार विमा कंपनीने डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची असते, पण ते घड्याळ हॉस्पिटलने कागद पाठवल्यावर सुरू होतं. त्यातून बीपी किती वर्षांपासून, हे एका कागदावर चार आणि दुसऱ्यावर सहा असं लिहिलेलं निघालं की आली क्वेरी. स्टेंटचं स्टिकर फाइलला लावायचं राहिलं, पुन्हा क्वेरी. तोवर बाहेर बाकावर नातेवाईक तापलेले आणि कॅज्युअल्टीत नवा पेशंट खाटेसाठी ताटकळलेला.

यावरचे उपाय ऐकायला अगदी साधे आहेत. उद्या कोण जाणार याची यादी आदल्या संध्याकाळी करायची, समरीचा मसुदा रात्रपाळीच्या आरएमओने तयार ठेवायचा, औषधं रात्रीच परत पाठवायची, सकाळी बिलात फक्त शेवटच्या दिवसाची भर घालायची. अवघड काम आहे ते हे रोज, न चुकता, पाच खात्यांकडून करून घेण्याचं. बाबांसाठी हिशोब देते. १०० खाटा, ८० टक्के भरलेल्या, म्हणजे महिन्याला २,४०० खाट-दिवस. सरासरी मुक्काम पाच दिवसांचा असेल तर ४८० पेशंट, चारचा झाला तर ६००. एकही खाट न वाढवता १२० माणसांची सोय झाली. मात्र आकडा खाली आणायच्या नादात कच्चा पेशंट घरी धाडला तर तो आठवड्यात परत येतो, म्हणून किती जण परत आले तेही शेजारच्या रकान्यात लिहायचं. एवढं केल्यावरही याला कुणी डॉक्टरकी म्हणणार नाही, ठाऊक आहे मला. पण पेशंटशी माझा संबंध तुटतोय असं मनात आणू नका.

आणि तुमची ट्रेझरीतली शिस्त इथे कामाला येणार आहे. नर्सिंग होमची नोंदणी दर तीन वर्षांनी, आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी जानेवारीत आणि जुलैत, सोनोग्राफीचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेच्या आत. गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी भरायच्या फॉर्म एफमधला रकाना रिकामा राहिला तरी कायदा त्याला कारकुनी चूक म्हणून सोडत नाही, ते उल्लंघनच धरतो. मुदतींची वही मी तुमच्यासारखीच लाल शाईत ठेवणार आहे.

पुढे काय, हेही विचाराल. ऑपरेशन्स मॅनेजर आणि मग युनिट हेड. बरेच डॉक्टर मेडिकल सुपरिटेंडेंट होऊन तिथेच अडकतात, कारण त्यांना पैशाचा कागद वाचता येत नाही. बजेट मांडता आलं पाहिजे, पाळ्यांचं रोस्टर लावता आलं पाहिजे. एका जागी चोवीस तास नर्स हवी तर लोकांना वाटतं तीन पुरतात. आठवड्याच्या २१ पाळ्या, माणशी सहा, म्हणजे साडेतीन झाल्या. रजा आणि आजारपण धरलं की चारच्या वर. हे न मोजता रोस्टर लावलं की डबल ड्यूट्या सुरू होतात आणि चांगल्या सिस्टर सोडून जातात. कन्सल्टंटचंही तसंच आहे. टीडीएस किती, सवलत कुणी दिली, विमा कंपनीने काय कापलं, हे केसवार लिहून ठरलेल्या तारखेला हातात दिलं नाही, तर सर्जन भांडत नाही, मुकाट्याने आपले पेशंट दुसरीकडे न्यायला लागतो. शिकायला टाटा इन्स्टिट्यूटचा, टिसचा एमएचए आहे, म्हणजे हॉस्पिटल प्रशासनाची मास्टर्स, पण तो दोन वर्षं पूर्णवेळ आणि पगार बंद. मी नोकरी सांभाळून पदविका करणार आहे. फी माझ्या पगारातून. बाबा, एफडीला हात लावायचा नाही.

आई, तुला आवडेल असं एक. रात्रपाळी संपली. अधूनमधून रात्री फोन येतील, पण झोप घरच्या गादीवर. डबाही लावलाय. भाजीत तेल जास्त असतं, पण तुझ्या मेतकुटाची बाटली सोबत आहेच.

बाबा, पुढच्या खोलीतल्या दवाखान्यासाठी माझ्या नावाची पाटी रंगवून आणलीत ते मला काकूने सांगितलं. मला आधी कळलं असतं तर मी थांबवलं असतं, आणि मग नाव कसं दिसतं ते कधीच बघायला मिळालं नसतं. ती माळ्यावर टाकू नका, मी घेऊन जाईन. पण माझ्यासाठी ती खोली अडवून ठेवू नका. तिथे आईचा पलंग लावा. त्या गुडघ्यांनी दिवसातून चारदा जिना चढायचा नाही.

आता नीट ऐका. बाबांना सत्तर पूर्ण झालीत, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढायचं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, खासगी पॉलिसी असली तरी चालतं. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, त्याच्याकडे आधार आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन जा. आईच्या पॉलिसीत खोलीभाड्याला दिवसाला ५,००० ची मर्यादा आहे. कधी अ‍ॅडमिट व्हायची वेळ आलीच आणि कुणी ८,००० ची खोली आग्रहाने दिली, तर घेऊ नका. फक्त खोलीचे ३,००० जात नाहीत, सर्जन आणि ओटीचं बिलही त्याच प्रमाणात कापलं जातं. २ लाखांचे मग १,२५,००० च मिळतात. आणि बीपी कधीपासून, हे प्रत्येक डॉक्टरला एकच साल सांगा: २०१६. बाबा, "झाली असतील दहा-बारा वर्षं" असं म्हणायचं नाही.

सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावून ठेवा. शनिवारी येतेय, तेव्हा बघेन.

तुमची,
माई

ता. क. आई, बाबा संध्याकाळची गोळी जेवणाआधी घेतात की नंतर, ते त्यांच्या तोंडून नको, तू सांग.