रॅम्प झाला, वर्कशॉपचे काय?

आयटीआयमध्ये दिव्यांगांसाठी जागा राखीव असतात, पण वर्कशॉप त्यांच्यासाठी तयार नसते. रॅम्पचा उतार १:१२ हवा. म्हणजे ३० सेंमी जोत्याला ३.६ मीटर लांबी. जागा नाही म्हणून तो दीड मीटरात उरकला, की व्हीलचेअर मागे कलंडू शकते. आत फिटरच्या बाकाखाली कपाट असेल तर गुडघे शिरत नाहीत. व्हाइस, म्हणजे काम पकडायचा शिकंजा, खांद्याशी येतो, कानशीवर जोर देता येत नाही. एक तरी बाक खालून मोकळा करून व्हाइस बसलेल्याच्या कोपराच्या उंचीवर आणावा. कर्णबधिर मुलांना लेथ यंत्राकडे तोंड करून शिकवू नये. आधी दाखवावे, मग त्यांच्याकडे वळून सांगावे. आणि भोंग्यासोबत लाल दिवा लावायला असा खर्च तो किती? नव्या सत्राआधी एवढे तरी करून घ्या.

– एक शिल्पनिदेशक