पडद्यावरच्या बायकोचे नाव

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिले नाही आणि आज आपणहून लिहितो आहे, त्यावरून काहीतरी बिनसले आहे हे तू पाकीट फोडण्याआधीच ओळखले असशील. प्रकृती गुडघे सोडून ठीक.

मंगळवारी सेटवर मी माझ्या बायकोचे नाव विसरलो. खऱ्या बायकोचे नव्हे. तसे झाले असते तर हे पत्र तुझ्या वहिनीने लिहिले असते. मालिकेतल्या बायकोचे, जिला मी सोळा वर्षे रोज हाक मारतो. दारातून आत यायचे, छत्री ठेवायची आणि हाक मारायची, एवढेच दृश्य होते. छत्री ठेवली आणि तोंड नुसतेच उघडे राहिले. "काका, पॉज सुंदर होता, जरा लांबला," असे दिग्दर्शक म्हणाला. त्याला खरेच तसे वाटले की तो मला सांभाळून घेत होता, हे मला अजून कळलेले नाही. दुसऱ्या टेकला नाव आले. संध्याकाळच्या दृश्यात मात्र माझी पाच वाक्ये इतर तिघांत वाटून टाकलेली होती.

हसतोस ना? हस. पाठांतराची फुशारकी मी सर्वांत जास्त तुझ्यापुढेच मारली आहे. तिसऱ्या अंकाला तू विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंगला बसायचास आणि मी तुला "झोप" अशी खूण करायचो. "वाक्ये पाठ होतात म्हणून ती कळली असे तू समजतोस," हे तू तेव्हा म्हणालास आणि मी मालिका धरली तेव्हा पुन्हा म्हणालास. त्यापायी आपण दोन वर्षे बोललो नाही. चूक तुझी होती. निम्मी तरी.

पण बापू, मालिकेत पाठांतर असते कुठे? कागद सकाळी हातात पडतो, दुपारी बदलतो आणि रात्री तो विसरावाच लागतो, नाहीतर उद्याचा डोक्यात मावत नाही. सोळा वर्षे मी विसरण्याचीच तालीम केली. आता ती अंगवळणी पडली असेल, तर तक्रार कोणाकडे करू?

त्या रात्री हेलन वॅग्नर आठवली. 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' या अमेरिकन मालिकेचे पहिले वाक्य 2 एप्रिल 1956 रोजी तिने उच्चारले आणि मधले खंड वगळता 2010 साली, 91 व्या वर्षी, मरेपर्यंत ती नॅन्सी ह्यूजच राहिली. सुरुवातीला सारे थेट प्रक्षेपण, रीटेक नाहीच. 22 नोव्हेंबर 1963 रोजी तिचे दृश्य चालू असताना मध्येच केनेडींवरील गोळीबाराची बातमी सुरू झाली, आणि आपण आता पडद्यावर नाही हे ठाऊक नसलेली स्टुडिओतली मंडळी वाक्ये म्हणतच राहिली. ही गोष्ट मी नव्या पोरांना निष्ठेचा नमुना म्हणून सांगत असे. आता मला तीत पाहणारे केव्हाच दुसरीकडे गेलेले दिसतात, आणि मी आपला छत्री घेऊन दारातून आत येतोच आहे. 'कॉरोनेशन स्ट्रीट' या ब्रिटिश मालिकेतला विल्यम रोच 9 डिसेंबर 1960 च्या पहिल्या भागापासून एकच भूमिका करतो, नव्वदी ओलांडूनही. त्याची वाक्ये कोण वाटून घेते, एवढेच मला त्याला विचारायचे आहे.

डॉक्टरांकडे जायला मी भीत नाही. निर्मात्याच्या कानावर जाण्याला भितो. एका रात्रीत खाली पट्टी येईल, "ही भूमिका यापुढे अमुक साकारतील", आणि प्रेक्षक चार दिवसांत मला विसरतील. त्यांचीही तालीम सोळा वर्षांची आहे. तुझ्या वहिनीला यातले काही बोललेलो नाही. तूही बोलू नकोस.

लेकीचे बाळंतपण सुखरूप झाले हे वाचून फार बरे वाटले. मोतीबिंदू काढून घे, आणखी टाळू नकोस.

रविवारी रात्री फोन करतो. तिसऱ्या अंकातले ते लांबलचक स्वगत मी अथपासून इतिपर्यंत म्हणेन. तुझ्याकडे ती वही अजून असेल. ती उघडून बस, आणि या वेळी झोपू नकोस.

तुझा,
नाना