काकाजी, तुमच्या रुमालाबद्दल

आदरणीय काकाजी,
सादर नमस्कार.

आमच्या महाविद्यालयाच्या शेडमधले नऊ सिलिंडरांचे जुने प्रॅट अँड व्हिटनी वास्प हे विमानाचे इंजिन परवा हाताने मोकळे फिरले. तुमचे आभार चारचौघांत मानल्याशिवाय राहवेना, म्हणून हे जाहीर पत्र. वायुसेनेत डाकोटा विमानांच्या इंजिनांवर उमेदीची वर्षे घालवलेला माणूस नागपूरच्या ऐन मे महिन्यातल्या उन्हात स्कूटरवरून येतो, काम आटोपल्याखेरीज चहालाही हात लावत नाही आणि पैशांचा विषय निघताच हसून उठतो, हे मला अजून खरे वाटत नाही.

तुमच्याआधी एक तज्ज्ञ येऊन गेले होते. त्यांचे नाव घेत नाही. प्रोपेलर अडकतो आहे असे पाहून त्यांनी तो उलटा फिरवला, "झाले मोकळे" असे जाहीर केले, फी घेतली आणि जाता जाता प्रोपेलर ओढणाऱ्या मुलालाच "इंजिनाची वाट लावलीस" असे सुनावले. त्यांच्या शब्दावर विसंबून आम्ही स्टार्टर दिला असता तर काय ओढवले असते, ते तुमच्याकडून ऐकताना अंगावर काटा आला. रेडियल इंजिन, म्हणजे सिलिंडर वर्तुळात मांडलेले इंजिन, नुसते उभे असले तरी तेल झिरपून तळाच्या, म्हणजे आमच्या इंजिनात पाचव्या आणि सहाव्या, सिलिंडरांत साचते. तेल दाबले जात नसल्याने पिस्टन तिथे अडतो. यालाच हायड्रॉलिक लॉक म्हणतात. प्रोपेलर उलटा फिरवला की हे तेल उघड्या व्हॉल्व्हमधून इनटेक पाइपात जाते, इंजिन सुटल्यासारखे वाटते, आणि सुरू करताच तेच तेल पुन्हा आत खेचले जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो. ६०० अश्वशक्तीच्या इंजिनाला हात लावणाऱ्याला एवढेही ठाऊक नसावे?

तुम्ही काय काय उतरवले, ते इथे लिहीत नाही. मला राहून राहून आठवतो तो तुमचा रुमाल. गळलेले काळे तेल तुम्ही खिशातल्या इस्त्रीच्या पांढऱ्या रुमालातून गाळले. बाजूला चिंध्यांचा ढीग असताना रुमाल कशाला, असे मी विचारले तेव्हा "चिंधीत आधीचाच मळ असतो, त्यात कण कसा ओळखणार?" एवढेच म्हणालात. रुमाल उजेडात धरून आधी स्वतः निरखलात आणि मग, मी हात पुढे केलेला असताना, तो माझ्याकडे न देता बोलणी खाल्लेल्या त्या मुलाच्या हाती दिलात. लोहचुंबकही त्यालाच फिरवायला लावलेत. पोलादाचा चुरा नाही, पितळेची चमक नाही. "काजळीच दिसते," तो दबकत म्हणाला. "मग तसे लॉगबुकात लिही, आणि खाली सही तुझी कर," तुम्ही म्हणालात. त्या दिवसापासून शेड उघडायला सर्वांत आधी तोच येतो.

रुमाल स्वच्छ निघाला म्हणून रॉड सरळ आहे असे होत नाही, तो वेगळा तपासावाच लागेल, हेही तुम्ही त्याच दमात सांगितलेत. दिलासा देतानाही खरे तेवढेच बोलण्याची ही सवय आता दुर्मीळ झाली आहे. आपल्या सोनेगाव विमानतळावर १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रासची टपालविमाने मध्यरात्री एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि रात्रीतच परत फिरत. प्रत्येक डाकोटाची दोन इंजिने, प्रत्येकी १४ सिलिंडरांची, अशाच खरे बोलणाऱ्या फिटरांच्या भरवशावर उडत असणार; त्यांची नावे कोणी छापली नाहीत.

ठिणगीसाठी वीज देणारे मॅग्नेटो अजून उघडायचे आहेत आणि रॉडची तपासणी बाकी आहे. ती नीट पार पडली तर थंडीत इंजिन सुरू करण्याचा विचार आहे, आणि त्या दिवशी स्टार्टरआधी प्रोपेलर हाताने फिरवून घेताना तुम्ही समोर हवे आहात. त्या वेळी न्यायला गाडी येईल. स्कूटरवरून आलात तर फाटकातून आत घेणार नाही.

आपला कृतज्ञ,
शेडवरचा एक अध्यापक, नागपूर