लगूना माद्रेच्या कॅप्टनना, देवगडच्या बाबांच्या वतीने

प्रिय कॅप्टन,

टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या लगूना माद्रे या खाडीत तुम्ही माझ्या बाबांना मासे धरायला नेलंत. त्याचे इंग्रजीतले आभार तुम्हाला त्याच रात्री फोनवरून पाठवले आणि 'एनीटाइम' असं तुमचं एका शब्दाचं उत्तरही आलं. हे पत्र मराठीत आहे, कारण ते तुमच्याबद्दल असलं तरी वाचायचं आहे ते ह्यूस्टन-डॅलसकडच्या मराठी घरांनी. दर उन्हाळ्यात आमचे आईवडील येतात. नासा होतं, देऊळ होतं, आउटलेट मॉल होतो, आणि मग सत्तरी ओलांडलेला माणूस सोफ्यावर बसून परतीचे दिवस मोजत राहतो.

माझे बाबा देवगडचे. नोकरी पोस्टात, पण जीव खाडीत. गरी, पाग, रात्री बत्ती घेऊन कुर्ल्या, सगळं करून झालेलं. तुमच्या आधी एकदा त्यांना एका मोठ्या बोटीवर नेलं होतं. तिथल्या पोरांनी आमिष लावलं, मासा लागल्यावर रॉड बाबांच्या हातात दिला आणि फोटो काढला. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "माका काय अक्षता टाकूक बोलावल्यानी?"

तुम्ही मात्र बुकिंग घेतानाच विचारलंत, की गावी ते कशाने मासे धरतात आणि किती पाण्यात. वय नंतर विचारलंत. माझे आभार तिथूनच सुरू होतात.

कॉर्पस क्रिस्टी शहराजवळच्या धक्क्यावरून अंधारातच निघालो, तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न होता भरतीच्या वेळेचा. तुम्ही हसून दोन बोटांत माप दाखवलंत. ज्याच्या गावी खाडीचं पाणी पुरुषभर चढतं-उतरतं, त्याला हे पटेना. मग तुम्ही बोट थांबवून, वहीच्या पानावर रेघा ओढून समजावलंत. पॅड्रे आयलंड या लांबट बेटाच्या आड दोनशे किलोमीटर पसरलेलं हे पाणी सरासरी जेमतेम मीटरभर खोल. समुद्राकडे उघडणारी तोंडं मोजकी, त्यामुळे चंद्राचा जोर इथवर पोचत नाही. पाणी हलवतो तो वारा. आग्नेयेचा सतत वाहिला की एका अंगाला चढतं, उत्तरेचा आला की तिथूनच उतरतं. मोठी नदी येऊन मिळत नाही, पाऊस थोडा, ऊन रणरणतं, म्हणून खारेपण समुद्राहूनही जास्त. बाबांनी हाताचं बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाले, "मिठागर!" त्याचं भाषांतर मी केलं. त्यानंतर मात्र तासन्‌तास माझी गरज कोणालाच लागली नाही.

उथळावर पोचलात तेव्हा बराच आधी इंजिन बंद करून तुम्ही काठीने बोट ढकलत नेलीत. सरळ वाट जवळची होती, पण खाली गवत होतं. बोटीच्या पंख्याने समुद्री गवत उपटायला टेक्सासात २०१३ पासून कायद्याने मनाई आहे, हे तुमच्याकडूनच कळलं. कायदा नसता तरी तुम्ही वळसाच घातला असता, असा माझा अंदाज आहे. गवताच्या हिरव्या गालिच्यात मधूनमधून वाळूची फिकट खळगी दिसत होती. आपण ज्याच्यासाठी आलो तो ट्राउट मासा त्याच कडेला दबा धरून बसतो, म्हणजे टाकायचं ते खळग्याच्या पलीकडे आणि ओढून आणायचं कडेवरून.

तुम्ही पाण्यात उतरण्याआधी पाय घासत चालायचं सांगणार, तेवढ्यात बाबा उतरून पाय घासत चालूही लागले होते. वाळूत पाकट दडलेलं असतं, त्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा बसतो. घासत गेलं तर ते आधीच निघून जातं. ते तसे चालताना पाहून तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आणि पुढे त्यांना 'सर' म्हणणं सोडून 'बाबा' म्हणू लागलात.

मग बोयी माशांचा धडा. ती तुमच्याकडेही ढिगाने. एखादी उगाच उडते, तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही. चार-पाच एकदम, एकाच दिशेला, घाबरून उडाल्या की खाली कोणीतरी आहे. हे तुम्ही हातवाऱ्यांनी सांगत होतात आणि बाबा तेच हातवारे तुमच्या आधी संपवत होते. एक गोष्ट मात्र त्यांना नवी होती. पाण्यावर ताटाएवढा तेलकट तवंग उमटला आणि कलिंगडासारखा वास आला. ट्राउट खाताना ओकतात त्याचं तेल वर येतं, म्हणालात. तवंग लहान असेल तर मासा अजून तिथेच. आता देवगडला बाबा हे नाक घेऊन खाडीवर फिरत असणार, यात शंका नाही.

पाव औंसाच्याही निम्म्या वजनाचा गळ आणि त्यावर रबराची मासोळी, हे त्यांना खेळणं वाटलं. हाताने दोरी ओढायची सवय, त्यामुळे पहिल्या माशाला हिसका दिला आणि तोंड फाटून तो सुटला. या माशाचं तोंड कागदासारखं मऊ. तुम्ही काही न बोलता रीळ सैल केलंत आणि एकदा त्यांच्या मनगटावर हात ठेवलात.

पुढचा हातात आला तेव्हा बाबांनी त्याचा जबडा उघडून वरचे दोन सुळे पाहिले. "ही तर ढोमीची भयण!" अगदी बरोबर. नावात ट्राउट असला तरी थंड नद्यांतल्या ट्राउटशी याचं नातं नाही. हा ढोमी आणि घोळीच्याच कुळातला. नर उन्हाळ्याच्या संध्याकाळी पोटातून ढोल वाजवल्यासारखा आवाज काढतात, हेही तुम्ही सांगितलंत.

"बाजारात भाव काय?" या प्रश्नाचं उत्तर ऐकून ते गप्प झाले. टेक्सासच्या पाण्यातला हा मासा विकायला १९८१ पासून बंदी आहे. खायचा तर स्वतः धरायचा, तोही माणशी तीन, पंधरा ते वीस इंचांमधला.

आणि मग ती मोठी लागली, पट्टीवर पंचवीसच्या पुढे. बाबांचा चेहरा मी इतका उजळलेला फार वर्षांत पाहिला नव्हता. "एवढो मासो आणि सोडूचो?" तुम्ही नियम पुढे केला असता तर त्यांनी मानला असता आणि मनात कुढले असते. तुम्ही २०२१ च्या फेब्रुवारीतली थंडी सांगितलीत. टेक्सासच्या किनाऱ्यावर अंदाजे ३८ लाख मासे मेले, सगळ्यात जास्त मार याच लगूनाला बसला. एवढ्या आकाराची जवळजवळ नेहमी मादीच असते, आणि पुढची अंडी तिचीच. बाबांनी हात ओले केले, तिला दोन्ही हातांनी आडवी धरली आणि ती शेपटी मारेपर्यंत पाण्यात तशीच धरून ठेवली. फोटो काढायचा राहिला, तो कोणी मागितलाही नाही.

धक्क्यावर तुम्ही ठेवलेल्या माशांच्या फोडी काढून मुंडकी पेलिकनांना टाकायला निघालात, तेव्हा बाबा मध्ये पडले. तुम्ही मुंडकी धुऊन बर्फात भरून दिलीत, आणि शेजारच्या बोटीवाल्याचीही मागून आणलीत. त्याचं तिखलं झालं. मांस मऊ, पण रस्सा ढोमीपेक्षा गोड, असा घरचा निकाल आहे.

बाबा पुढच्या मे महिन्यात परत येतायत. रात्री दिवा घेऊन उथळ पाण्यात भाल्याने फ्लाउंडर हा चपटा मासा मारतात असं तुम्ही बोलून गेलात, त्याचं ते देवगडहून रोज फोनवर विचारतात. तारीख कळवा. बर्फाचा खोका या वेळी मोठा आणा, आणि शेजारच्या बोटीवाल्यालाही आधीच सांगून ठेवा.

तुमची,
बाबांची मुलगी