व्हेंडरच्या नावाने मागितलेली मदत व्हेंडरपर्यंत पोचते का?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

टाटा समूहाच्या मालकीची ब्रिटनमधील जॅग्वार लँड रोव्हर ही कंपनी २०२५च्या सप्टेंबरात सायबर हल्ल्यामुळे महिनाभराहून अधिक काळ ठप्प झाली आणि तिच्या दीड अब्ज पौंडांच्या बँक कर्जाला ब्रिटिश सरकारने हमी दिली. अशा वेळी मोटार कंपन्यांना सरकारने हात द्यावा की नाही यावर जे बोलले-लिहिले जाते, त्यात एक बाजू करदात्याच्या पैशाचा हिशोब मांडते आणि दुसरी बुडणाऱ्या नोकऱ्यांचा. भोसरीत तीस वर्षे प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवण्याचा कारखाना, चालवलेल्या माझ्यासारख्याला दोन्ही बाजू कळतात. पण मदत मागताना ज्याचे नाव सर्वांत आधी पुढे केले जाते, त्या छोट्या पुरवठादाराच्या, म्हणजे व्हेंडरच्या, पदरात त्या मदतीतले काय पडते, हा प्रश्न दोन्हीकडून सुटून जातो. म्हणून हे पत्र.

मोटार कंपनीच्या पैशाचे चक्र बाहेरच्या माणसाला उलटे वाटेल असे असते. गाडी फाटकाबाहेर पडली की तिचे पैसे कंपनीला बहुधा काही दिवसांतच मिळतात, कारण डीलर बँकेचे कर्ज काढून गाडी उचलतो. पण त्या गाडीतल्या पत्र्याचे, रबराचे, वायरिंगचे बिल कंपनी दीड-दोन महिन्यांनी चुकते करते आणि पुरवठादारांना माल पुरवणाऱ्या आमच्यासारख्या दुसऱ्या-तिसऱ्या फळीपर्यंत पैसे झिरपायला त्याहून अधिक काळ जातो. विक्री वाढत असते तोवर कंपनी अशी पुरवठादारांच्या उधारीवर आरामात चालते. विक्री एकाएकी पडली की दोन महिन्यांपूर्वीच्या भरघोस उत्पादनाची बिले आज द्यायची असतात आणि हातात येतो तो आजच्या घटलेल्या विक्रीचा पैसा. पेंट शॉप, व्याज आणि पगार यांचा खर्च तर गाडी निघो न निघो चालूच असतो. त्यामुळे कालपर्यंत धडधाकट दिसणाऱ्या कंपनीची रोकड काही आठवड्यांत आटते. म्हणजे सरकार मदतीला येण्याच्या कितीतरी आधी त्या कंपनीला बिनतारण, बिनव्याजी कर्ज दिलेले असते ते व्हेंडरने.

२००८च्या नोव्हेंबरात जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर यांचे प्रमुख खासगी विमानांनी वॉशिंग्टनला मदत मागायला गेले, हा प्रसंग सर्वांच्या लक्षात राहिला. त्याहून बोलकी गोष्ट मात्र मागे पडली. फोर्डने २००६मध्येच आपले कारखाने, इतकेच काय आपले निळे बोधचिन्हसुद्धा तारण ठेवून मोठे कर्ज उभारले होते आणि तिला तातडीच्या पैशांची गरज नव्हती. तरीही तिचे प्रमुख अॅलन मुलाली प्रतिस्पर्ध्यांना वाचवा असे सांगायला संसदेपुढे बसले, कारण तिन्ही कंपन्यांचे पुरवठादार बव्हंशी एकच होते. जनरल मोटर्सने बिले थकवली असती तर तिला सीट पुरवणारा बुडाला असता आणि फोर्डचीच नव्हे, तर अमेरिकेत गाड्या बनवणाऱ्या टोयोटा-होंडाचीही लाइन थांबली असती. एका भागावाचून गाडी पुरी होत नाही, मग तो भाग चाळीस रुपयांचा का असेना. डेट्रॉइटला, म्हणजे अमेरिकेच्या या मोटार कंपन्यांना, मदत मिळाली ती या युक्तिवादाच्या जोरावर, आणि माझ्या मते तो युक्तिवाद खरा होता.

सेनेटमध्ये विधेयक अडल्यावर अध्यक्ष बुश यांनी १९ डिसेंबरला बँकांसाठी राखलेल्या निधीतून १७.४ अब्ज डॉलर जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांना देऊ केले. पुढे ओबामांच्या कारकिर्दीत एकूण मदत ८० अब्जांच्या घरात गेली आणि त्यातले सुमारे ७० अब्ज यथावकाश परत आले. या मदतीची चांगली बाजू सांगायलाच हवी. ओबामा सरकारने मार्च २००९मध्ये कंपन्यांचे आराखडे नाकारले, जनरल मोटर्सच्या प्रमुखांना पायउतार व्हायला लावले आणि दोन्ही कंपन्यांना दिवाळखोरी न्यायालयातून जायला भाग पाडले. जनरल मोटर्स १ जूनला न्यायालयात गेली आणि १० जुलैला नवी कंपनी म्हणून बाहेर आली, तेव्हा जुन्या भागधारकांच्या हाती काही उरले नव्हते, रोखेधारकांना नव्या कंपनीत जेमतेम दहा टक्के वाटा मिळाला होता आणि पाँटिअॅक, सॅटर्न यांसारखी नावे कायमची पुसली जाणार होती. नुसता पैसा ओतून असे होत नाही. ब्रिटिश लेलँड या मोटार कंपनीचे १९७५मध्ये राष्ट्रीयीकरण झाले, तिच्यावर वर्षानुवर्षे सरकारी पैसा खर्च झाला, आणि तरी तिच्या उरल्यासुरल्या मोटार व्यवसायाची वारस एमजी रोव्हर २००५मध्ये लाँगब्रिजला कोसळलीच.

आता पुरवठादाराकडे येतो. मार्च २००९मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने त्यांच्यासाठी पाच अब्ज डॉलरची स्वतंत्र योजना जाहीर केली. माल दिल्यावर बिलाला सरकारची हमी मिळावी किंवा थोडे अधिक शुल्क सोसून पैसे आधीच उचलता यावेत, अशी ती सोय होती. कागदावर याहून चांगली योजना मलाही सुचली नसती. पण ती चालवायची होती जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांच्यामार्फत, आणि कोणत्या पुरवठादाराला तीत घ्यायचे हे ठरवणाऱ्याही याच दोन कंपन्या. ज्यांच्यावाचून लाइन थांबेल अशा थेट पुरवठादारांचा विचार झाला. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या फळ्यांना या योजनेत दारच नव्हते. पाच अब्जांपैकी प्रत्यक्ष कर्जाऊ गेले ते ४१ कोटी ३० लाख डॉलर. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत नव्या जनरल मोटर्सने बहुतेक थेट पुरवठादारांची जुनी देणी स्वीकारली, त्यामुळे गरजही कमी झाली, हे मान्य करतो. पण हा न्यायही सर्वांना सारखा मिळाला नाही. जनरल मोटर्समधूनच १९९९मध्ये वेगळी काढलेली डेल्फी ही सुट्या भागांची कंपनी घ्या. तिच्या युनियनच्या कामगारांच्या पेन्शनमधली तूट जनरल मोटर्सने भरून दिली. युनियनबाहेरच्या सुमारे वीस हजार अभियंते, पर्यवेक्षक, कारकुनांपैकी अनेकांची पेन्शन कापली गेली, आणि त्यांचे गाऱ्हाणे ऐकून घ्यायला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये नकार दिला.

२००८-०९च्या त्याच मंदीत आम्ही एका मोठ्या कंपनीच्या थेट पुरवठादाराला ब्रॅकेट देत होतो; दोघांचीही नावे लिहीत नाही. महिन्याचे शेड्यूल, म्हणजे मालाची मागणी, आठवड्याभरात तिसऱ्या हिश्श्यावर आले. पत्रा शेडमध्ये पडून, बँकेच्या कॅश क्रेडिटची मर्यादा संपलेली, आणि वर जुना माल नाकारून त्याचे पैसे बिलातून कापल्याची डेबिट नोट. साठ दिवसांचे बिल एकशेदहाव्या दिवशी मिळाले. केंद्र सरकारने डिसेंबर २००८मध्ये उत्पादन शुल्क चार टक्क्यांनी उतरवले होते आणि त्याने गाड्या खपायला मदत झाली, हे मी नाकारत नाही. त्या सवलतीबरोबर व्हेंडरची देणी मुदतीत द्या, अशी एक ओळ मात्र कुठे नव्हती.

आपल्याकडे कायदा नाही असेही नाही. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने कमाल ४५ दिवसांची मुदत घातली आहे आणि ती चुकवणाऱ्याकडून बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज घेण्याचा हक्क दिला आहे. हे व्याज मागणारा व्हेंडर मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. कारण मागितले की पुढच्या महिन्याचे शेड्यूल येत नाही. एप्रिल २०२४पासून मुदतीत न दिलेल्या बिलाची वजावट खरेदीदाराला प्राप्तिकरात ते प्रत्यक्ष चुकते केल्याच्या वर्षीच मिळते, ही तरतूद त्यापेक्षा परिणामकारक आहे, कारण तिच्यासाठी व्हेंडरला तोंड उघडावे लागत नाही. बिलावर आधीच पैसे उचलून देणारी ट्रेड्स ही व्यवस्थाही आहे. पण तिथे बिल खरेदीदाराने मान्य केल्याशिवाय कोणी बँक त्यावर बोली लावत नाही, म्हणजे डेट्रॉइटप्रमाणे दाराची किल्ली इथेही मोठ्या कंपनीच्याच खिशात.

माझी सूचना एवढीच आहे की सरकारी मदत कंपनीला द्या, पण तिची अट देय बिलांच्या तारखेला बांधा. महाराष्ट्राच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेतून मोठ्या प्रकल्पांना करपरतावा मिळतो. तो हप्ता सोडताना आपल्या लघुउद्योगांची किती बिले ४५ दिवसांपुढे थकली आहेत याचे लेखापरीक्षकाने सही केलेले पत्रक कंपनीकडून घ्यावे, आणि त्यात तिच्या थेट पुरवठादारांनी पुढे थकवलेली बिलेही यावीत. हे काम किचकट आहे असे म्हटले जाईल. जीएसटीमुळे आज प्रत्येक बिलाची तारीख सरकारच्या संगणकात असते, तेव्हा अडचण यंत्रणेची नाही. शिवाय कंपनी वाचली म्हणजे तिचे कारखाने वाचले, असेही धरून चालता येत नाही. करदात्यांनी वाचवलेल्या जनरल मोटर्सने २०१७अखेर भारतातली विक्री थांबवली, ओहायोतल्या लॉर्ड्सटाउनचे उत्पादन मार्च २०१९मध्ये संपवले आणि डिसेंबर २०२०मध्ये तळेगावचे. व्हेंडरने तिच्या शेड्यूलवर विसंबून घेतलेली डाय, म्हणजे त्या भागाचा साचा, भंगारातच जाते, म्हणून निदान दिलेल्या मालाचे पैसे तरी त्याच्या हातात वेळेवर पडायला हवेत.

जॅग्वार लँड रोव्हरला २००९मध्येही, युरोपीय गुंतवणूक बँकेने मंजूर केलेल्या ३४ कोटी पौंडांच्या कर्जासाठी, ब्रिटिश सरकारची हमी हवी होती. तेव्हा अटींवरून घासाघीस होऊन टाटांनी तिचा नाद सोडला आणि पैसा खासगी बँकांकडून उभा केला. २०२५मध्ये हमी देताना सरकारने पुरवठा साखळीचे नाव ठळकपणे घेतले, आणि ऑक्टोबरात उत्पादन पुन्हा सुरू करताना कंपनीने पात्र पुरवठादारांना ऑर्डरनंतर लगोलग बहुतांश पैसे देण्याची सोय जाहीर केली. सोय चांगली होती. पात्र कोण हे मात्र तिथेही कंपनीच ठरवत होती.

आपला,
एक निवृत्त लघुउद्योजक, भोसरी, पुणे