सही होण्याआधी कामगारापर्यंत पोहोचा

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
स. न.

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात पॉवर प्रेसवर बोटं जातात. पत्रा डायखाली, म्हणजे साच्याखाली, सरकवायचा, यंत्राचा दाब खाली पडतो, हात मागे घ्यायला जरा उशीर होतो. हात आत असताना यंत्र थांबवणारा सेन्सर नसतो, किंवा माल जास्त निघावा म्हणून बंद ठेवलेला असतो. पण आज लिहायचं आहे ते अपघातानंतरच्या दोन-चार दिवसांबद्दल.

त्या दिवसांत शेठचा माणूस दवाखान्यात येतो, दहा-पंधरा हजार हातावर ठेवतो आणि 'माझी काहीही तक्रार नाही' अशा कागदावर सही घेतो. खोलीचं भाडं थकलेलं असतं, म्हणून जखमी पोरगा सही करतो. भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने रद्दबातल आहे, हे त्याला कुणी सांगत नाही.

त्याने काय गमावलं ते पाहा. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) नसलेल्या लहानशा शेडमधला २५ वर्षांचा कामगार, पगार १५ हजार, तर्जनी मुळापासून गेलेली. पगाराचे ६० टक्के म्हणजे ९ हजार, त्याला वयाचा गुणक २१६.९१, आणि तर्जनीसाठी ठरलेले १४ टक्के. होतात सुमारे २ लाख ७३ हजार रुपये. उपचाराचा खर्च वेगळा, तोही मालकाचाच. महिन्याभरात रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला योग्य कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. कामगार ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाची जबाबदारी टळत नाही. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यातलं हे गणित सामाजिक सुरक्षा संहितेतही आलं आहे.

दहा किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात, २१ हजारांपर्यंत पगार असेल तर ईएसआय लागू होते. बरं होईपर्यंत ९० टक्के पगार, कायमचं अपंगत्व आलं तर दरमहा पैसे. मात्र कितीतरी जणांचं कार्ड अपघात झाल्यावरच निघतं. हे थांबायला हवं.

दाव्याला दोन वर्षांची मुदत असते. तोवर पोरगा गावी परतलेला असतो.

साहेब, दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. यंत्रावर जखमी झालेला रुग्ण आला की रुग्णालयाने त्याच दिवशी कामगार कार्यालयाला कळवावं आणि तिथल्या अधिकाऱ्याने सहीआधी त्याच्या खाटेपाशी जावं, असा आदेश काढा. दुसरं, कामावर घेतानाच भरपाईच्या हक्काची लेखी माहिती, कामगाराला समजेल त्या भाषेत देणं २०१७ पासून मालकावर बंधनकारक आहे. ती दिली नाही म्हणून पुणे जिल्ह्यात आजवर किती मालकांवर कारवाई झाली, तो आकडा जाहीर करा.

आपला,
भोसरीतला एक कामगार कार्यकर्ता