दर ३० सप्टेंबरला ढिगाऱ्याचे फोटो छापता, सोबत एक चौकट पण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र थोडं लांबणार आहे, जमेल तेवढं छापा. सप्टेंबर आला की तुमच्याच काय सगळ्याच पेपरात किल्लारीच्या भूकंपावर पानं येतात. तेच ढिगारे, तीच मोडकी घरं, स्मृतिस्तंभाला फुलं वाहतानाचे पुढारी, आणि "आठवणीने आजही अंगावर काटा येतो" असं कुठलंतरी हेडिंग. मी त्याच भागातला. गावाचं नाव लिहीत नाही, किल्लारीपासून जवळ आहे एवढं पुरे. १९९३ ला मी तिसरीत होतो, आता चाळिशीत आहे आणि पिंपरी-चिंचवडला एका कंपनीत नोकरी करतो. तेव्हाची लेकरं आता आईबाप झालीत, काहींच्या पोरांची लग्नं पण झाली. त्या लेकरांचं आज काय चाललंय हे त्या पानांवर मला कधी दिसलं नाही म्हणून लिहायला बसलो.

तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून गावं रात्री उशिरा झोपली आणि ३० च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी सगळं खाली आलं. आमच्याकडची घरं म्हणजे जाडजूड दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवद म्हणजे मातीचं सपाट छत, उन्हाळ्यात एकदम गार, पण त्या मातीचं वजन केवढं असतं हे त्या पहाटे कळलं. जवळपास दहा हजार माणसं गेली. आधीच्या वर्षी पण बारीक बारीक धक्के बसले होते आणि लोकांना त्याची सवय झाली होती हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. नंतर पाऊस लागला, पावसात ढिगारे उपसले, पावसातच सामुदायिक अंत्यसंस्कार झाले. माझी आजी आणि धाकटी बहीण त्यात गेली. यापेक्षा जास्त मी इथं लिहिणार नाही, कारण ते वाचायला तुमच्याकडं दरवर्षी भरपूर असतंच.

मला बोलायचंय ते नंतरचं. पुनर्वसन मोठं झालं, जागतिक बँकेचा पैसा आला, ५२ गावं नव्या जागेवर बसवली, जमिनीच्या हिशोबाने कुणाला २५० चौरस फुटाचं घर, कुणाला ४००, कुणाला ७५०. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथांनी बाराशेच्या आसपास लेकरं पुण्याला शिकायला आणली, त्यातली कितीतरी जण आज चांगल्या हुद्द्यावर आहेत, त्यांचे उपकार आमचा भाग विसरणार नाही. घरं मिळाली, शाळा मिळाल्या. पण आम्हा पोरांच्या डोक्यात काय चाललंय हे विचारायला आमच्या पत्र्याच्या शेडपर्यंत कोणी आलेलं मला तरी आठवत नाही. आम्ही शेडमध्ये "भूकंप भूकंप" खेळायचो. एकाने पत्रा वाजवायचा, बाकीच्यांनी आडवं पडायचं, मग एकाने येऊन ओढून काढायचं. मोठी माणसं बघितली की ओरडायची, काय अभद्र खेळ खेळता म्हणून, एकदा तर चुलत्यांनी चांगलंच बदडलं. नंतर मला कळलं की मोठ्या आपत्तीनंतर जगभरातली लेकरं असंच खेळतात, ज्याला शब्द सापडत नाहीत ते खेळात बाहेर पडतं. कोणीतरी शेजारी बसून विचारायला पाहिजे होतं की बाबा काय खेळतोस, कोण आहे त्या पत्र्याखाली. पण मोठ्यांचीच स्वतःची माणसं गेलेली, ते तरी कुठून विचारणार, त्यामुळे त्यांच्यावर माझा राग नाही.

मोठेपणी हे कसं वर येतं ते सांगतो कारण बऱ्याच जणांना वाटतं की रडू येणं म्हणजेच आठवण. माझ्या बाबतीत रडू कधीच आलं नाही. मला येतो तो राग, आणि घाम. पुण्यात राहायचं म्हणजे गणपती आलेच, आणि डीजेच्या भिंती पण आल्या. मिरवणूक सोसायटीच्या बाहेर आली की खिडकीची काच थरथरते, पायाखालची फरशी बारीक हलते. मला डोक्याने पक्कं माहीत असतं की हा स्पीकर आहे, मी मंडळाला वर्गणी पण दिलेली असते. पण तेवढा विचार पूर्ण व्हायच्या आत मी पोरीचा दंड धरून दाराबाहेर जिन्यात उभा असतो. वर ती रात्र नेमकी अनंत चतुर्दशीची. आमची आठवण दोनदा येते बघा, एकदा तिथीने आणि एकदा तारखेने. २०२३ ला तीस वर्षं झाली तेव्हा चतुर्दशी २८ ला आणि तारीख ३० ला, तो आठवडा बायकोने कसा काढला तिचं तिला माहीत. लोकांना वाटतं हा माणूस सणाच्या विरोधात आहे. मला गणपती आवडतात हो, घरी आरती मीच म्हणतो!

मानसोपचारवाल्या मॅडमनी मला हे सोप्या भाषेत समजावलं. धोका ओळखणारा मेंदूचा भाग, अमिग्डाला म्हणतात त्याला, तो विचार करणाऱ्या भागाची वाट बघत नाही, आधी अंगाला पळायला लावतो. आणि ही गोष्ट कधीची, कुठली, संपली की चालू आहे अशी नोंद ठेवणारा भाग वेगळा, तो भीतीच्या वेळी नीट काम करत नाही. त्यामुळे बाकीच्या आठवणी जुन्या होत जातात पण ही होत नाही, ती आली की आत्ताच घडतंय असं अंगाला वाटतं. हे ऐकून मला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू, कारण तोपर्यंत मी स्वतःला भित्राच समजत होतो.

आणि हे कधीही उफाळून येऊ शकतं. माझी विशीतली वर्षं झकास गेली, नोकरी, लग्न, गाडी, काही त्रास नाही. पोरगी तिसरीत गेली आणि सुरू झालं. तिच्या शाळेत भूकंपाचं मॉक ड्रिल झालं, घरी येऊन हसत हसत टेबलाखाली शिरून दाखवत होती, तेव्हापासून माझी झोप गेली. आपण ज्या वयात होतो त्या वयाला आपलं लेकरू आलं की जुनं वर येणं ही डॉक्टर लोकांना माहीत असलेली गोष्ट आहे म्हणे. आम्हाला मात्र कोणी सांगितलं नव्हतं. घरात मी दाराजवळ झोपतो, उशाशी टॉर्च आणि चप्पल असते, फ्लॅट तळमजल्यावरचाच घ्यायचा म्हणून हट्ट धरला होता. गावाकडं एक मित्र आहे, त्याला सिमेंटचं पक्कं घर आहे पण झोपायला तो बाजूला घातलेल्या पत्र्याच्या शेडमध्येच जातो. २०२२ ला निलंगा तालुक्यात हासोरीला जमिनीतून आवाज यायला लागले तेव्हा, आणि मार्च २०२४ ला हिंगोलीला ४.५ चा धक्का बसला तेव्हा पण, आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाच मिनिटांत मेसेजचा पाऊस. सगळे बाप्ये, सगळे चाळिशी-पन्नाशीचे. दिवसा तेच लोक म्हणतात आम्हाला काही नाही झालं, आम्ही खमके.

सल्ले देणारे दोन प्रकारचे भेटतात. एक म्हणतात विसरून जा आता, किती वर्षं झाली. दुसरे, आणि हे अलीकडं वाढलेत, म्हणतात मोकळं हो, बोल, सगळं बाहेर काढ. दुसरा सल्ला ऐकायला चांगला वाटतो पण त्यात पण गडबड आहे. कोणाच्याही समोर, कसंही, माइक धरून सगळं सांगितल्याने बरं वाटतं असं नाही, काही जणांना उलटा त्रास होतो. आमच्या ओळखीतल्या एका ताईंना एका वार्षिक कार्यक्रमाला स्टेजवर बोलावून विचारलं, तुमचं लेकरू सापडलं तेव्हा काय वाटलं? नंतर त्या चार दिवस जेवल्या नाहीत. कोणी विचारलं त्याचं नाव लिहीत नाही, पण पत्रकार असो की पुढारी की निवेदक, हा प्रश्न विचारायचा नसतो एवढं तरी ठरवा. अर्थात सगळ्यांचं सारखं नसतं, माझा थोरला भाऊ दरवर्षी स्तंभाला जातो आणि त्याला तिथं शांत वाटतं, तो म्हणतो सगळे आपलेच असतात. ज्याला जायचं त्याने जावं. ज्याला जायचं नाही त्याला "एवढ्यात विसरलास होय" म्हणून टोमणा मारू नये.

उपचार आहेत हे मला चाळिशी जवळ आल्यावर कळलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच अशा त्रासासाठी दोन पद्धती सुचवल्यात, एक म्हणजे या त्रासासाठीच बनवलेली सीबीटी, म्हणजे थेरपिस्टशी बोलत बोलत विचार आणि वागणं हळूहळू बदलायची पद्धत, आणि दुसरी ईएमडीआर, ज्यात आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हालणाऱ्या बोटांकडं डोळे फिरवायचे असतात. मला ती दुसरी जादूटोण्यासारखी वाटली होती, डोळे फिरवल्यानेच फरक पडतो का यावर तज्ञांत वाद पण आहे, पण माझ्या बाबतीत पहिलीनेच काम झालं. हळूहळू, मी सांगेन तेवढंच, थांब म्हटलं की थांबणार, असं करत करत ती पहाट आधीपासून शेवटपर्यंत सांगितली. आठवण गेली नाहीये, जाणार पण नाही. पण आता मिरवणूक आली की जिन्यात जायच्या आधी मी थांबू शकतो, फरशीला हात लावतो, साल मोठ्याने म्हणतो, पोरीचं नाव घेतो, समोरच्या पाच वस्तू मोजतो. कधी जमतं, कधी तरीही जिन्यात जातो. पोरीला पण सांगितलंय की बाबांना त्या आवाजाची भीती वाटते, ती म्हणाली मग आपण कानात कापूस घालू. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणारे आणि रात्री क्वार्टर मारल्याशिवाय झोप न येणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत, त्यांनी कृपया एकदा तरी मानसोपचार तज्ञाला भेटावं.

पैशाचा प्रश्न आहेच, पुण्यात एका सेशनला हजारच्या पुढेच लागतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात विमा कंपन्यांनी शरीराच्या आजारासारखंच मनाच्या आजाराला पण कव्हर द्यावं असं लिहिलंय, पण अ‍ॅडमिट न होता नुसतं समुपदेशन घेतलं तर क्लेम मिळवताना घाम फुटतो. म्हणून टेली मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची फोनवरची मदत, महत्त्वाचं वाटतं. १४४१६ हा नंबर, सरकारी, फुकट, चोवीस तास, ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालाय आणि मराठीत बोलता येतं. आमच्या गावात मी चौकशी केली तर हा नंबर माहीत असलेला एकही माणूस भेटला नाही, आशाताई सोडून.

तर संपादकसाहेब, मागणी अशी आहे. येत्या ३० सप्टेंबरच्या पानावर ढिगाऱ्याचा फोटो छापायचाच असेल तर छापा, पण त्याच्या शेजारी एक चौकट द्या. त्यात १४४१६ मोठ्या अक्षरात, लातूर आणि धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी कुठल्या वारी, किती वाजता असते ते तुमच्या वार्ताहराने प्रत्यक्ष जाऊन खात्री करून, आणि झोप न लागणं, आवाजाने दचकणं, एकदम राग येणं, माणसांपासून तुटल्यासारखं वाटणं यावर उपचार होतात एवढं एक वाक्य. पेपर आमच्या गावात एसटीने येतो आणि पारावर दहा जण वाचतात, त्यामुळे चौकट पहिल्या पानावर घेतली तर बरं होईल, आतल्या पानावर शेतमालाच्या भावाजवळ दिली तरी चालेल, ते पान सगळेच बघतात.

आपला एक वाचक,
पिंपरी-चिंचवड (नाव छापू नये ही विनंती)